दूरच्या दीर्घिकांमध्ये तारे किती वेगाने जन्मतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत होणाऱ्या खगोलविषयक व्याख्यानांनंतर आणि पावसाळा सरल्यावर वांगणी-नेरळकडे होणाऱ्या आकाशदर्शनाच्या रात्री हा विषय हमखास निघतो. श्रोत्यांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. 'अमुक दीर्घिका वर्षाला शेकडो तारे घडवते' अशी बातमी वाचली की तो आकडा दुर्बिणीने थेट मोजला असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात दुर्बीण फक्त प्रकाश मोजते. त्या प्रकाशावरून ताऱ्यांपर्यंत पोहोचायचे तर काही गृहीतके धरावी लागतात. ही गृहीतके कोणती, त्यांतली भक्कम कोणती आणि नाजूक कोणती, हे कळल्याशिवाय आकड्याचा अर्थ लागत नाही. म्हणून पुढील उत्तरांत गृहीतकांवर जास्त भर दिला आहे.

तारकानिर्मितीचा दर म्हणजे नेमके काय?

एखाद्या दीर्घिकेतला किती वस्तुमानाचा वायू एका वर्षात ताऱ्यांत रूपांतरित होतो, याला तिचा तारकानिर्मितीचा दर म्हणतात. तो 'सौर वस्तुमान प्रतिवर्ष' या एककात सांगतात. आपल्या आकाशगंगेचा दर वर्षाला सुमारे १ ते २ सौर वस्तुमाने इतका आहे. याचा अर्थ वर्षाला एक-दोन तारे जन्मतात असा होत नाही, कारण बहुतेक तारे सूर्यापेक्षा लहान असतात आणि तेवढ्या वायूतून अनेक तारे तयार होतात. सप्तर्षींच्या दिशेने दिसणाऱ्या एम ८२ या जवळच्या दीर्घिकेत हा दर सुमारे १० आहे. दोन दीर्घिकांच्या टकरीतून बनलेल्या आर्प २२० मध्ये तो शंभराच्या पुढे जातो.

इतक्या दूरच्या दीर्घिकेतला एकही तारा सुटा दिसत नसताना हा दर काढतात तरी कसा?

लोअर परळच्या गच्चीवरून गिरणगावाच्या जुन्या जमिनींकडे पाहणाऱ्या माणसाने मुंबईत बांधकाम किती वेगाने चालले आहे याचा अंदाज करायचे ठरवले, तर इमारती मोजून त्याला काहीच कळणार नाही, कारण शंभर वर्षांपूर्वीची चाळ आणि गेल्या वर्षीचा टॉवर दोन्ही उभेच असतात. त्याने उंच क्रेन मोजल्या, तर मात्र अंदाज बांधता येतो, कारण क्रेन काम चालू असेपर्यंतच उभी असते. जड तारे आपल्यासाठी हेच काम करतात. सूर्यासारखा तारा सुमारे १० अब्ज वर्षे जगतो, तर सूर्याच्या २० पट वस्तुमानाचा तारा साधारण १ कोटी वर्षांतच संपतो. म्हणून जिथे असे तारे दिसतात, तिथे तारकानिर्मिती अगदी अलीकडे झालेली असते.

हे तारे आपले अस्तित्व लपवूही शकत नाहीत. ते अतिशय तप्त आणि निळे असतात, त्यांचा बराचसा प्रकाश अतिनील असतो, आणि वस्तुमान थोडे वाढले की तेज कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळे संख्येने मूठभर असूनही नव्या ताऱ्यांच्या एकूण प्रकाशात सिंहाचा वाटा त्यांचाच असतो. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश एकाच ठिपक्यात मिसळून आला तरी त्यातला जड ताऱ्यांचा हिस्सा ओळखता येतो, आणि त्या हिश्श्यावरून एकूण निर्मितीचा हिशेब मांडता येतो.

कोणकोणत्या प्रकाशाचा उपयोग होतो?

मुख्य वाटा चार आहेत. पहिली वाट म्हणजे तरुण ताऱ्यांचा थेट अतिनील प्रकाश. तो बहुधा १५० नॅनोमीटरच्या आसपास मोजतात.

दुसरी वाट वायूमार्फत जाते. सर्वांत तप्त ताऱ्यांचा अतिनील प्रकाश भोवतालच्या हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावतो. तो इलेक्ट्रॉन पुन्हा प्रोटॉनला मिळतो आणि पायरीपायरीने खाली उतरतो, तेव्हा ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो आणि वर्णपटात तो रेषांच्या रूपात दिसतो. त्यातली सर्वांत उपयोगी रेषा ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा, म्हणजेच हायड्रोजन अल्फा. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या छायाचित्रांत दिसणारा गुलाबी-लाल रंग मुख्यतः याच रेषेमुळे येतो.

तिसरी वाट धुळीतून जाते. ताऱ्यांचा प्रकाश शोषून तापलेली धूळ तीच ऊर्जा अवरक्त किरणांत परत देते. चौथी वाट रेडिओ लहरींची. जड तारे अतिनवतारा होऊन फुटतात, त्या स्फोटांच्या आघात-लहरींत इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग मिळतो, आणि चुंबकीय क्षेत्रात फिरताना ते रेडिओ लहरी सोडतात.

रॉबर्ट केनिकट यांनी १९९८ साली या मोजमापांचा आढावा घेऊन प्रत्येक प्रकारच्या तेजस्वितेवरून दर काढण्याची सूत्रे एका जागी मांडली. या क्षेत्रात काम करणारे आजही ती सूत्रे किंवा त्यांची सुधारित रूपे वापरतात.

विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी बदलते, मग या रेषा ओळखता कशा येतात?

प्रसरणामुळे दीर्घिकेचा प्रकाश लाल बाजूकडे किती सरकला, हे सांगणाऱ्या आकड्याला ताम्रसृती म्हणतात; दीर्घिका जितकी दूर, तितकी ती जास्त. ही ताम्रसृती जितकी, त्यात १ मिळवून येणाऱ्या पटीने प्रत्येक तरंगलांबी ताणली जाते. ताम्रसृती ३ असेल तर १५० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश आपल्यापर्यंत ६०० नॅनोमीटरचा, म्हणजे नारिंगी, होऊन पोहोचतो. जवळच्या दीर्घिकांचा अतिनील प्रकाश पाहायला वातावरणाच्या वर जावे लागते, पण दूरच्या दीर्घिकांचा तोच प्रकाश जमिनीवरच्या दुर्बिणीतूनही टिपता येतो, हा निसर्गाचा मोठाच उपकार आहे. रेषांमधले परस्पर प्रमाण ताणल्यावरही कायम राहते. त्यामुळे दोन-तीन रेषा सापडल्या की ओळख पटते आणि त्यांवरून ताम्रसृतीही ठरते.

एखादे उदाहरण आकड्यांसह द्याल का?

ताम्रसृती २.३ असलेली एक काल्पनिक दीर्घिका घेऊ. तिच्याकडून आलेला प्रकाश जवळपास ११ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला आहे. हायड्रोजन अल्फाची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा ३.३ पट ताणली जाऊन २१६६ नॅनोमीटरवर दिसेल, आणि तिची जोडीदार, ४८६.१ नॅनोमीटरची हायड्रोजन बीटा, १६०४ नॅनोमीटरवर. पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प अवरक्त प्रकाशाचा बराच भाग अडवते, पण या दोन्ही तरंगलांब्या सुदैवाने वातावरणाच्या मोकळ्या झरोक्यांत पडतात. याच कारणाने या ताम्रसृतीच्या आसपासच्या दीर्घिकांचा जमिनीवरून फार अभ्यास झाला आहे.

समजा, मोजलेली चमक आणि अंतर यांवरून अल्फा रेषेची तेजस्विता ४ × १०^३५ वॅट निघाली. म्हणजे केवळ या एका रेषेतून सुमारे १०० कोटी सूर्यांच्या एकूण प्रकाशाइतकी ऊर्जा बाहेर पडते आहे. आज प्रचलित असलेल्या सूत्राने यावरून वर्षाला २१ ते २२ सौर वस्तुमाने असा दर मिळतो. इथेच थांबलो, तर आपण निम्म्याहून अधिक तारे गमावू, कारण धुळीचा विचार अजून केलेला नाही.

धूळ नसती, तर अल्फा रेषा बीटा रेषेच्या २.८६ पट तेजस्वी असायला हवी. हे प्रमाण अणूच्या भौतिकशास्त्रातून येते, त्यात दीर्घिकेचा स्वभाव फारसा आड येत नाही. धूळ निळा प्रकाश जास्त आणि लाल प्रकाश कमी अडवते, त्यामुळे बीटा रेषा अधिक मंदावते आणि प्रमाण वाढते. आपल्या दीर्घिकेत ते ४ च्या आसपास आले, तर अल्फा रेषेचा मूळ प्रकाश मोजलेल्याच्या साधारण अडीच पट असला पाहिजे, आणि दर ५४ च्या घरात जातो. हेच गणित केनिकट यांच्या १९९८ च्या जुन्या सूत्राने केले, तर उत्तर ७९ येते. दुर्बीण तीच, प्रकाशही तोच, आणि उत्तरे मात्र २१, ५४ आणि ७९. म्हणून कोणताही दर वाचताना त्यात धुळीची दुरुस्ती आहे का आणि कोणते सूत्र वापरले, हे दोन प्रश्न आधी विचारायचे.

जुन्या आणि नव्या सूत्रांत एवढा फरक का?

आपण प्रकाश जड ताऱ्यांचा मोजतो, पण वायू बहुतेक हलक्या ताऱ्यांत जातो. नव्या ताऱ्यांमध्ये जड किती आणि हलके किती, ही वाटणी ठाऊक असल्याखेरीज मोजलेल्या भागावरून न मोजलेला भाग काढता येत नाही. एडविन साल्पीटर यांनी १९५५ मध्ये सूर्याच्या परिसरातील ताऱ्यांवरून अशी वाटणी पहिल्यांदा मांडली. पुढे अतिशय हलक्या ताऱ्यांची संख्या त्या सरळ नियमापेक्षा कमी असल्याचे दिसून आले. पावेल क्रूपा यांनी २००१ मध्ये आणि जिल शाब्रिए यांनी २००३ मध्ये दिलेल्या वाटण्या आता रूढ आहेत. साल्पीटर यांच्या वाटणीने, म्हणजेच जुन्या सूत्राने, काढलेला दर क्रूपा यांच्या वाटणीने जवळपास दोन-तृतीयांश होतो, कारण त्याच प्रकाशामागे हलक्या ताऱ्यांचे वस्तुमान कमी धरले जाते.

क्रूपा यांच्या वाटणीनुसार दर १०० सौर वस्तुमानांच्या ताऱ्यांमागे साधारण एकच तारा सूर्याच्या ८ पटींहून जड असतो, आणि असेच तारे शेवटी अतिनवतारा होऊन फुटतात. आपल्या आकाशगंगेत वर्षाला १ ते २ सौर वस्तुमानांचे तारे जन्मत असतील, तर शतकात असे एक-दोन स्फोट व्हायला हवेत. अगदी वेगळ्या मार्गांनी केलेले स्फोटांचे अंदाजही त्याच सुमाराचे आहेत. दोन स्वतंत्र वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात तेव्हा गृहीतकावरचा विश्वास वाढतो, आणि हा ताळा मला या सगळ्या विषयातला सर्वांत समाधान देणारा वाटतो.

ही वाटणी विश्वाच्या बाल्यावस्थेत, वेगळ्या तापमानाच्या आणि जवळपास जड मूलद्रव्ये नसलेल्या वायूतही अशीच होती का, हा मात्र उघडा प्रश्न आहे. तेव्हा जड ताऱ्यांचे प्रमाण जास्त असेल, तर त्या काळाचे आपले दर फुगलेले आहेत.

धुळीचा एवढा बाऊ का? थोडीफार दुरुस्ती पुरत नाही का?

कमी धुळीच्या दीर्घिकेत पुरते. तारे मात्र जन्मतात ते वायू आणि धुळीच्या दाट ढगांच्या पोटात, आणि ज्या दीर्घिकांत ते सर्वाधिक वेगाने जन्मतात, त्यांत धूळही बहुधा सर्वाधिक असते. कार्बन आणि सिलिकेटचे हे सूक्ष्म कण अतिनील प्रकाश गिळून तापतात. तापतात म्हणजे तरी किती, तर उणे २४० ते उणे २२० अंश सेल्सिअसपर्यंत. इतक्या थंड वस्तूची चमक दूर-अवरक्त तरंगलांब्यांत असते आणि साध्या दुर्बिणीला ती दिसत नाही. १९८३ च्या आयरस उपग्रहाने जवळपास सगळे आकाश अवरक्त किरणांत न्याहाळले, तेव्हा आर्प २२० सारख्या दीर्घिका आपला जवळजवळ सगळा प्रकाश धुळीमार्फत बाहेर टाकतात, हे पुरेपूर लक्षात आले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण हबल दुर्बिणीच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात दडलेले आहे. १९९५ च्या डिसेंबरमध्ये हबलने सप्तर्षींमधल्या एका रिकाम्या वाटणाऱ्या ठिकाणी सलग १० दिवस नजर रोखली आणि त्या चिमूटभर आकाशात सुमारे ३,००० दीर्घिका सापडल्या. पुढे हवाईतल्या मौना किया पर्वतावरच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीने स्कुबा या उपकरणाच्या साहाय्याने तेच ठिकाण ८५० मायक्रोमीटरला पाहिले, आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या तरंगलांबीला सर्वांत तेजस्वी असलेल्या वस्तूचे, म्हणजे एचडीएफ ८५०.१ चे, हबलच्या छायाचित्रात नाव-निशाण नव्हते. तिची ताम्रसृती ५.१८ असल्याचे २०१२ मध्ये रेण्वीय वायूच्या आणि कार्बनच्या रेषांवरून ठरले, आणि तिचा दर वर्षाला सुमारे ८५० सौर वस्तुमाने इतका निघाला. ज्या छायाचित्राने दूरच्या विश्वाची आपली ओळख घडवली, त्यातली सर्वांत कष्टाळू दीर्घिकाच त्यात दिसत नव्हती. दृश्य प्रकाशातल्या गणनेत धुळीची दुरुस्ती करायची म्हटले, तरी जे दिसतच नाही त्याला दुरुस्ती कशाची लावणार? म्हणून आज जमेल तिथे अतिनील आणि अवरक्त ही दोन्ही मोजमापे घेऊन त्यांची बेरीज करतात. सुटून आलेला प्रकाश एका पारड्यात, धुळीने गिळलेला दुसऱ्यात.

८५० मायक्रोमीटरला इतक्या दूरची वस्तू मंद दिसायला नको का?

दिसायला हवी, पण इथे एक विलक्षण योग जुळून येतो. धुळीची चमक १०० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. दीर्घिका जितकी दूर, तितका हा उंचवटा ताणला जाऊन ८५० मायक्रोमीटरच्या जवळ सरकतो. अंतरामुळे प्रकाश घटतो आणि सरकण्यामुळे वाढतो, आणि ताम्रसृती १ पासून ८ पर्यंत हे दोन परिणाम एकमेकांना जवळपास फेडून टाकतात. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील अल्मा ही दुर्बिणींची मांडणी याचाच लाभ घेते.

'वर्षाला' असे म्हणता, पण मोजमाप खरोखर एका वर्षाचे असते का?

नाही. प्रत्येक प्रकारचा प्रकाश वेगळ्या कालखंडाची सरासरी सांगतो. हायड्रोजन अल्फा फक्त सर्वांत तप्त ताऱ्यांवर अवलंबून असल्याने गेल्या ५० लाख ते १ कोटी वर्षांचा हिशेब देते. अतिनील प्रकाशात थोडे कमी जड तारेही सहभागी असतात, त्यामुळे त्याची सरासरी १० कोटी वर्षांच्या सुमाराची असते. अवरक्त आणि रेडिओ मोजमापेही साधारण तशीच. दीर्घिकेचा दर स्थिर असेल, तर सगळी उत्तरे जुळतात. ती जुळली नाहीत, तर त्या न जुळण्यातही माहिती असते. अल्फावरून दर जास्त आणि अतिनील प्रकाशावरून कमी येत असेल, तर दीर्घिकेत नुकतीच निर्मितीची लाट आली असावी. उलट असेल, तर लाट ओसरत असावी. लहान आणि प्राचीन दीर्घिकांत असे चढउतार जास्त आढळतात.

मध्यभागीच्या कृष्णविवरामुळे फसगत होत नाही का?

होऊ शकते. महाकाय कृष्णविवरात पडणारा वायूही अतिनील प्रकाश देतो, हायड्रोजनचे आयनीभवन करतो (म्हणजे त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो), धूळ तापवतो आणि रेडिओ लहरीही सोडतो. म्हणजे वर सांगितलेल्या चारही वाटांवर तो आडवा येतो. मात्र त्याचा प्रकाश अधिक कठोर, म्हणजे जास्त ऊर्जेचा, असल्याने नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषांचे हायड्रोजनच्या रेषांशी असलेले प्रमाण बदलते. बॉल्डविन, फिलिप्स आणि टर्लेविच यांनी १९८१ मध्ये या प्रमाणांचा एक आलेख सुचवला, आणि तारे कुठे, कृष्णविवर कुठे हे त्यावरून आजही वेगळे करतात. क्ष-किरणांचीही मदत होते.

महाराष्ट्रातल्या जीएमआरटीचा या विषयाशी काय संबंध?

फार जवळचा. मुंबईहून माळशेज घाटाने जुन्नरकडे गेलात, तर नारायणगावजवळच्या खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या दिसतात. जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, ही रेडिओ दुर्बीण पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते, आणि हे केंद्र कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली.

रेडिओ लहरींना धुळीची अडचण नसते, त्यामुळे दर काढताना धुळीची दुरुस्ती करावीच लागत नाही. दीर्घिकांची दूर-अवरक्त आणि रेडिओ चमक एकमेकींच्या प्रमाणात असते, आणि हे प्रमाण फार मोठ्या पल्ल्यात टिकून राहते. त्याच आधारावर रेडिओ चमकेचे दरात रूपांतर करतात.

जीएमआरटीची याहून मोलाची कामगिरी कच्च्या मालाच्या बाजूची आहे. तारे ज्या हायड्रोजनपासून बनतात, तो अणुरूप वायू २१ सेंटीमीटर तरंगलांबीला अत्यंत क्षीण रेडिओ लहरी सोडतो. दूरच्या एकट्या दीर्घिकेचा हा संकेत टिपणे आजच्या साधनांच्या जवळजवळ आवाक्याबाहेर आहे. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ताम्रसृती १ च्या आसपासच्या ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली, आणि २०२० मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या दीर्घिकांमध्ये वायू भरपूर होता, पण त्या तो इतक्या झपाट्याने वापरत होत्या की बाहेरून नवा पुरवठा झाला नसता, तर १ ते २ अब्ज वर्षांत साठा संपला असता. पुढच्या काळात विश्वभरात तारकानिर्मिती का मंदावली, याचा एक ठोस धागा यातून हाती लागतो. जगातल्या अनेक मोठ्या दुर्बिणींना जे जमले नव्हते ते जुन्नर तालुक्यातल्या थाळ्यांनी करून दाखवले, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने यात काही केले आहे का?

होय. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुटलेल्या या भारतीय उपग्रहावर अतिनील दुर्बीण आहे, आणि त्यावरची काही क्ष-किरण उपकरणे कुलाब्याच्या टाटा संस्थेत घडली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाने २०२० मध्ये ताम्रसृती १.४२ असलेल्या एका दीर्घिकेतून हायड्रोजनचे आयनीभवन करू शकणारा प्रकाश बाहेर निसटत असल्याचे दाखवले. या प्रकाशाचे दुहेरी महत्त्व आहे. विश्वाच्या सुरुवातीच्या काळात दीर्घिकांच्या दरम्यानच्या अवकाशातला वायू कशामुळे पुन्हा आयनित झाला, या मोठ्या प्रश्नाशी तो जोडलेला आहे. शिवाय हायड्रोजन अल्फाची पद्धत असा सगळा प्रकाश दीर्घिकेतला वायू शोषून घेतो, असे धरून चालते. त्यातला काही निसटत असेल, तर अल्फावरून काढलेला दर तेवढा कमी येतो.

विश्वाच्या इतिहासात तारे सर्वाधिक कधी जन्मले?

महास्फोटानंतर साधारण ३.५ अब्ज वर्षांनी, म्हणजे सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी. पिएरो मदाऊ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हबलच्या त्याच छायाचित्रावरून काळानुसार दर कसा बदलला, याचा आलेख मांडला. त्याच सुमारास सायमन लिली यांच्या गटाने जवळच्या काळातला उतार मोजला होता. मदाऊ आणि मार्क डिकिन्सन यांनी २०१४ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार आजचा दर त्या शिखराच्या जेमतेम नवव्या-दहाव्या हिश्श्याइतका उरला आहे, आणि आज अस्तित्वात असलेल्या ताऱ्यांचे निम्मे वस्तुमान ताम्रसृती १.३ च्या आधी, म्हणजे साधारण ९ अब्ज वर्षांपूर्वीच, घडून गेले होते. आपला सूर्य ४.६ अब्ज वर्षांचा, म्हणजे उतारावर जन्मलेला.

वेब दुर्बिणीने काय बदलले?

२५ डिसेंबर २०२१ रोजी सुटलेल्या जेम्स वेब दुर्बिणीमुळे महास्फोटानंतर अवघ्या ३० कोटी वर्षांच्या सुमारास अस्तित्वात असलेल्या, ताम्रसृती १४ च्या घरातल्या दीर्घिकांचे वर्णपट मिळाले. तेजस्वी दीर्घिका तेव्हा अपेक्षेपेक्षा जास्त होत्या, हे आता स्पष्ट आहे. त्याचे कारण काय, यावर वाद चालू आहे. वायूचे ताऱ्यांत रूपांतर तेव्हा अधिक कार्यक्षमतेने होत असेल, निर्मिती लाटालाटांनी होत असल्याने लाटेवरच्या दीर्घिकाच आपल्या नजरेत भरत असतील, धूळ कमी असेल किंवा जड ताऱ्यांचे प्रमाण जास्त असेल. यातल्या प्रत्येक शक्यतेची मुळे वर सांगितलेल्या एखाद्या गृहीतकात आहेत. अडचण अशी, की ताम्रसृती ७ च्या पुढे हायड्रोजन अल्फा वेबच्या मुख्य वर्णपटमापकाच्या ५.३ मायक्रोमीटरच्या मर्यादेबाहेर जाते, आणि तिथे अतिनील प्रकाश व निळ्या बाजूच्या रेषांवर भिस्त ठेवावी लागते.

शेवटी या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?

एकट्या दीर्घिकेच्या दरात दुपटीची चूक सहज असू शकते. म्हणून '५४' असे छापलेले दिसले, तरी मनात '३० ते १००' असे वाचणे शहाणपणाचे आहे. एकाच पद्धतीने मोजलेल्या हजारो दीर्घिकांची तुलना मात्र बरीच विश्वासार्ह असते, कारण गृहीतकातली चूक सगळ्यांनाच सारखी लागू होते. विश्वाचा एकूण दर शिखरावर चढून दसपटीने उतरला, हा निष्कर्ष अतिनील, अवरक्त आणि रेडिओ या तिन्ही वाटांनी स्वतंत्रपणे निघतो, म्हणून तो पक्का मानायला हरकत नाही.

मुंबईच्या आकाशातून यातले काही पाहता येईल का?

दूरच्या दीर्घिका नाही. पण डिसेंबर ते मार्च या काळात शहराच्या उजेडातही मृगातला तेजोमेघ साध्या द्विनेत्रीतून अस्पष्ट डागासारखा दिसतो. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे, आणि त्याच्या गाभ्यातले चार तप्त तारे छोट्या दुर्बिणीतून सुटे दिसतात. डोळ्याला मंद उजेडात लाल रंग जाणवत नाही, म्हणून तो राखाडी-हिरवट भासतो. कॅमेऱ्याची झडप काही सेकंद उघडी ठेवली की हायड्रोजन अल्फाचा लाल रंग उमटतो. दूरच्या दीर्घिकेत जी रेषा आपण मोजतो, तीच ही.

हा विषय शिकायचा असेल, तर मुंबईतल्या विद्यार्थ्याने कुठून सुरुवात करावी?

शाळेत असाल, तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत चालणाऱ्या खगोलशास्त्र ऑलिंपियाडची तयारी हा उत्तम मार्ग आहे. वरळीच्या नेहरू तारांगणातले कार्यक्रमही चुकवू नका. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला जीएमआरटी लोकांसाठी खुली होते, तेव्हा तिथल्या संशोधकांशी बोलता येते. महाविद्यालयात असाल, तर भौतिकशास्त्राबरोबर संख्याशास्त्र आणि पायथन ही संगणकीय भाषा शिकून घ्या. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाचे, हबलचे आणि वेबचे वर्णपट व छायाचित्रे, तसेच जीएमआरटी आणि ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना मोफत मिळतात. स्लोनमधल्या एखाद्या जवळच्या दीर्घिकेचा वर्णपट उतरवून घ्या, अल्फा आणि बीटा या दोन रेषांखालचे क्षेत्रफळ मोजा, त्यांच्या प्रमाणावरून धुळीची दुरुस्ती करा आणि दर काढा. स्लोनमध्ये प्रकाश गोळा करणारा तंतू दीर्घिकेच्या मधल्याच भागाचा प्रकाश घेतो, हे विसरू नका. कडेचा प्रकाश त्यात आलेला नसतो आणि त्यासाठी आणखी एक दुरुस्ती लागते.